‘माजी मंडई’ कुठे आहे हो?

परवा थांब्यावर एक आजी भेटल्या. हातात पिशवी, कपाळावर घाम. म्हणाल्या, "भाजी मंडईला उतरायचं होतं रे बाळा, पण पाटीवर माजी मंडई लिहिलंय. मला वाटलं ही दुसरीच, म्हणून बसूनच राहिले." एक थांबा पुढे गेल्या आणि गुडघे धरत चालत परत आल्या.

आपल्या गावातल्या थांब्यांच्या नव्या पाट्या सगळ्यांनी पाहिल्या असतीलच. जाडजूड, चौकोनी, कोपरे जरा गोल केलेले. एखाद्या अंतराळयानावर शोभावीत अशी अक्षरं. शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी ठेवून मारलेली. अहो, पण भ आणि म, ध आणि घ वेगळे ओळखू येतात ते डोक्यावरच्या तेवढ्याशा मोकळ्या जागेमुळे आणि तिथल्या गाठीमुळेच ना? तीच जागा बुजवलीत. भाजीची माजी झाली, पुढच्या चौकात धनगरवाड्याचा घनगरवाडा झाला. अनुस्वार तर रेषेला असा चिकटलाय की रंगाचा थेंब सांडला असं वाटावं.

विचारलं तर उत्तर काय, "सर, फ्युचरिस्टिक लूक आहे." कसलं फ्युचर? या वळणाचा गाजलेला फॉन्ट युरोस्टाइल. तो इटलीत तूरिनच्या नेबिओलो कंपनीसाठी आल्दो नोव्हारेसे यांनी केला, १९६२ साली. त्याच्या आधीचा मायक्रोग्रामा १९५२ चा, आणि त्यात नुसती कॅपिटल अक्षरं होती. म्हणजे तुमचं भविष्य आमच्या आजींच्या लहानपणीचं आहे!

रोमन O चौकोनी केला तरी O च राहतो. आपली अक्षरं तिरक्या कापलेल्या बोरूतून आली आहेत, त्यांना आतून मोकळीक लागते. जाडी वाढवली की ण, क्ष, ज्ञ यांचं पोटच बुजतं.

आणि जमत नाही असंही नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा टेको चौकोनीच आहे. मुंबईच्या एक टाइपचा बालू तर चांगला गुबगुबीत आहे. दोन्ही देवनागरीसाठी नीट विचार करून केलेले आणि फुकट मिळणारे. ज्या राज्यात जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे टाइप घडले, तिथे रोमन फॉन्टचे तुकडे जोडून मराठी पाटी करायची वेळ का यावी? (तुकडेच जोडलेत. घ चा उभा दांडा आणि इंग्रजी L एकमेकांवर ठेवून बघा.)

दुकानदारांना तुम्ही मराठी पाटीची सक्ती करता. अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हेही सांगता. बरोबरच आहे, माझा पूर्ण पाठिंबा. पण मग स्वतःची पाटी बसमधून वाचता येते का, हे बिल मंजूर करण्याआधी कुणी वीस पावलं मागे जाऊन पाहिलं का?

सोमवारी सकाळी ११ वाजता निवेदन घेऊन जातोय. मागणी एवढीच, की उरलेल्या पाट्या छापण्याआधी नमुना थांब्यावर लावा आणि साठीच्या पुढच्या दहा माणसांकडून वाचून घ्या. ज्यांना जमेल त्यांनी सहीला या. आणि तुमच्या थांब्याचं नाव काय झालंय, त्याचा फोटो खाली टाका.