उत्तर शून्य का आलं?

‘आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं, मग नववीच्या मुलांना ते शिकवून वेळ का घालवता?’ हा प्रश्न हल्ली पालकसभेत हमखास येतो. पालकांची काळजी खरी आहे, पण प्रोग्रॅमिंग म्हणजे कोड टाइप करणं, हे त्यांनी धरलेलं गृहीतकच मला मान्य नाही.

आठवडाभरातलं सर्वांत जास्त तापमान शोधायचा प्रोग्रॅम मी वर्गाला दिला होता. एका मुलीनं पायथनमध्ये तो झटपट लिहिला. सुरुवातीला उत्तर शून्य धरायचं, एकेक आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा, मोठा सापडला की तो ठेवायचा. पुण्याच्या आकड्यांवर उत्तर बरोबर आलं. मग मी द्रासच्या थंडीचे म्हणून उणे १२, उणे १८, उणे ९ असे आकडे दिले. उत्तर आलं शून्य. यादीत तर शून्य नव्हतंच! तिनं वही ओढली, एकेक पायरी हातानं करून पाहिली. “सर, उण्यातला कुठलाच आकडा शून्याला ओलांडणार नाही. मी पहिलाच आकडा धरायला हवा होता.” चूक तिची तिलाच सापडली. प्रोग्रॅम एआयनं लिहिला, तरी ‘सगळे आकडे उणे असले तर?’ हे विचारणारं माणूस लागतंच. ते कुठे घडवायचं?

दुसरा आक्षेप खेड्यातल्या शाळांचा: तिथे कॉम्प्युटर कुठे आहेत? ही उणीव खरी आहे, ती सरकारनं भरून काढलीच पाहिजे. पण तोवर थांबायचं कारण नाही. हजार नावांच्या अकारविल्हे यादीतून एक नाव शोधायचं असेल, तर मधलं नाव पाहून निम्मी यादी बाद करत गेलं की दहा वेळा पाहण्यात काम भागतं. हे खडू-फळ्यावरही कळतं.

माझा खरा वाद आहे तो आमच्याच बाजूच्यांशी. लहान वयात कोडिंग, म्हणजे पुढे लठ्ठ पगार, असं सांगून क्लासेस विकले गेले. आधी त्यांनीच या विषयाची किंमत कमी केली. आणि शाळा-कॉलेजांत काय चालतं? प्रॅक्टिकलचं जर्नल वरच्या वर्गाकडून आणायचं, आउटपुटसकट उतरवायचं, सही घ्यायची. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं आहे. तेही जर्नलच्याच वाटेनं गेले, तर पालकांचा आक्षेप आपणच खरा करून दाखवू. म्हणून माझी मागणी आहे, परीक्षेत बिघडलेला प्रोग्रॅम द्या. कुठे चुकतो ते मुलांना शोधू द्या, कोणते आकडे दिले की तो फसतो ते लिहू द्या, आणि गुण त्याचे द्या.

त्या मुलीनं शून्याच्या जागी यादीतला पहिला आकडा घातला, द्रासचं उत्तर उणे ९ आलं. तास संपायला दोन मिनिटं होती. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, आणि यादी रिकामीच असली तर?”

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.