जंगली टर्की, शिकारी आणि १६२१ची मेजवानी : एक थ्रेड

१/
आज नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अमेरिकेत आज घरोघरी टर्की भाजली जाईल आणि आपल्या मराठी समाजमाध्यमांवर तीच जुनी गोष्ट पुन्हा फिरेल : १६२१ मध्ये प्लिमथच्या उपाशी वसाहतकारांनी रानात जाऊन टर्की मारल्या, मूळ रहिवाशांसोबत मांडीला मांडी लावून त्या खाल्ल्या, आणि तेव्हापासून तोच पक्षी त्याच श्रद्धेने पानात वाढला जातो. या गोष्टीतले एकेक वाक्य तपासू लागलो, की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कोणाचे तरी नाव खोडलेले सापडते. हा थ्रेड त्या खोडाखोडीविरुद्ध आहे.

२/
आधी कबुली. गेल्या नोव्हेंबरात हीच गोष्ट मी स्वतः येथे लिहिली होती, सोबत एक रंगीत चित्रही जोडले होते. चित्र घटनेनंतर कितीतरी पिढ्यांनी काढलेले आहे, एवढेही तेव्हा मनात आले नाही. वर्गात साधनचिकित्सेवर टिपणे काढायची आणि बाहेर येऊन पहिले दिसेल ते चित्र चिकटवायचे, हा आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा जुना रोग आहे.

३/
मूळ साधनाकडे चला. त्या मेजवानीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन एकच आहे : एडवर्ड विन्स्लो याचे डिसेंबर १६२१ चे पत्र, जे पुढच्याच वर्षी लंडनमध्ये छापले गेले. तो सांगतो की पीक हाती आल्यावर गव्हर्नरने चार माणसे पाखरे मारायला धाडली. त्यांनी एका दिवसात वस्तीला जवळजवळ आठवडाभर पुरतील इतकी पाखरे आणली. वाम्पानोआगांचा प्रमुख मासासॉइट सुमारे ९० माणसांनिशी आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. बस्स. टर्कीचा शब्दही नाही. ‘पाखरे’ म्हणजे त्या किनाऱ्यावर, त्या ऋतूत, बदके आणि हंसकही असू शकतात. हरणे मात्र स्पष्ट आहेत, आणि ती कोणी आणली हेही स्पष्ट आहे. तरीही चित्रात पान वाढणारा नेहमी वसाहतकारच असतो.

४/
येथे कोणी विल्यम ब्रॅडफर्डचा दाखला देईल, आणि तो दिलाच पाहिजे. त्याच्या वृत्तांतात त्या हिवाळ्याच्या तोंडावर जंगली टर्की विपुल मिळाल्याची नोंद आहे. पण ती त्या हंगामाची नोंद आहे, मेजवानीची नव्हे. शिवाय ब्रॅडफर्डचे हस्तलिखित दीर्घकाळ हरवलेले होते. ते संपूर्ण छापले गेले १८५६ मध्ये. तोवर न्यू इंग्लंडच्या घरांतून टर्की भाजण्याची रीत रुळली होती आणि सेरा जोसेफा हेल यांनी १८२७ च्या आपल्या कादंबरीत भाजलेल्या टर्कीला मेजाच्या मध्यभागी बसवलेही होते. १६२१ च्या त्या तीन दिवसांना ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ ही पाटी लागली १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग यांच्या एका तळटीपेत. लिंकन यांची राष्ट्रीय घोषणा १८६३ ची, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावरची. आधी पदार्थ आला, मग त्याला शोभेल असा भूतकाळ शोधण्यात आला. मेजवानीत टर्की नव्हतीच असे मी म्हणत नाही. एका अनेकवचनी नामातून एक अख्खा पक्षी उभा करणे याला इतिहास म्हणत नाहीत, एवढेच म्हणतो.

५/
आता पानातल्या पक्ष्याकडे. आज तेथे भाजली जाणारी टर्की बहुतेक वेळा रुंद छातीची पांढरी जात असते. तिच्या छातीवर मांस इतके वाढवले आहे की नराला नैसर्गिक संयोगही जमत नाही; पैदास कृत्रिम रेतनाने होते. उडण्याचा प्रश्नच नाही. हिचा पूर्वज न्यू इंग्लंडच्या अरण्यातला पक्षी नव्हे. तो मेक्सिकोतला. तेथल्या समाजांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात नेला. आणि इंग्रज वसाहतकार तोच पाळीव पक्षी जहाजांतून पुन्हा अमेरिकेत घेऊन आले. म्हणजे ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून मिरवणारी टर्की दोनदा अटलांटिक ओलांडलेली आहे.

६/
ज्यांनी हे केले त्यांचे नाव त्या पक्ष्याच्या एकाही युरोपीय नावात उरले नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा केला, फ्रेंचांनी हिंदचा, डचांनी कालिकतचा, पोर्तुगीजांनी पेरूचा. खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात! मेक्सिका लोकांचा शब्द होता वेशोलोत्ल. मेक्सिकोच्या बोलीत तो ‘ग्वाहोलोते’ या रूपाने अजून जिवंत आहे. जगाच्या पाठीवरील इतक्या गावांची नावे या एका पाखराला मिळाली, फक्त त्याच्या गावाचे मिळाले नाही.

७/
आपल्याकडे तो आला गोव्यामार्गे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या दुर्मीळ चिजा आणल्या, त्यांत टर्की होती. बादशहाने किमतीची तमा बाळगू नको असे त्याला बजावले होते. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात त्या पक्ष्याच्या डोक्यामानेचे पालटते रंग बारकाईने टिपले आहेत, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथची वसाहत तेव्हा अजून आठ वर्षे दूर होती. (हे वाक्य मला दर वेळी लिहावेसे वाटते.)

८/
मेक्सिकोच्या उत्तरेस, आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी टर्की स्वतंत्रपणे पाळली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने हे दाखवले की त्यांचा पाळीव वंश मेक्सिकोतल्या पाळीव वंशाहून निराळा होता. आणि त्यांनी तो कितीतरी शतके प्रामुख्याने खाण्यासाठी पाळलाच नाही. पिसांसाठी पाळला. युक्काच्या तंतूंच्या दोरीभोवती पिसे गुंडाळून ते घोंगडी विणत. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या अशा एका घोंगडीस ११ हजारांहून अधिक पिसे लागली असावीत, असा संशोधकांचा हिशेब आहे. थंडीत उब देणारा प्राणी मारून खाण्याची घाई कोण करील? ‘टर्की म्हणजे मांस’ हे समीकरणच मुळी एका विशिष्ट बाजारपेठेचे आहे.

९/
मग ‘जंगली’ टर्की कोणती? पूर्वेकडील अरण्यातली. पण ते अरण्य तरी कितपत जंगली? तेथले मूळ रहिवासी झाडीखालचे रान ठरावीक काळाने जाळत. त्यामुळे झाडी मोकळी राही, ओक आणि चेस्टनटसारखी फळणारी झाडे टिकत, हरणे आणि टर्की वाढत. युरोपीयांना जे ‘ईश्वराने भरलेले कोठार’ वाटले, ते पिढ्यान्पिढ्यांच्या माणसांनी राखलेले रान होते. राखणारे साथींनी आणि युद्धांनी मेले, आणि कोठाराचे श्रेय ईश्वराकडे गेले.

१०/
आता संहाराकडे. ऑड्युबॉन, ज्याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातले पहिलेच चित्र जंगली टर्कीच्या नराचे आहे, तो सांगतो की केंटकीत तो राहायला गेला तेव्हा पंचवीस-तीस पौंडांचा उत्तम नर पाव डॉलरला गेला तर विकणारा खूश असे. पकडण्याची रीतही त्याने लिहून ठेवली आहे. ओंडक्यांचा पिंजरा रचायचा, त्यात शिरणारा चर खणायचा, चरात मका पसरायचा. दाणे टिपत मान खाली घालून पाखरू आत शिरते. आत गेल्यावर मान वर करून सुटकेची वाट शोधते, आणि वाट तर पायाशी असते. अशा एकाच पिंजऱ्यात सुमारे दोन महिन्यांत ७६ टर्की सापडल्याची नोंद त्याने केली आहे. हा शिकारीचा खेळ नव्हे, की भुकेचा घासही नव्हे. हा पुरवठा आहे.

११/
त्या पुरवठ्याच्या जोडीला कुऱ्हाड आली. रान तोडून शेते झाली. कनेक्टिकटमध्ये शेवटची जंगली टर्की १८१३ मध्ये दिसली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ मध्ये, माउंट टॉमवर. थँक्सगिव्हिंगची कथा ज्या प्रांतात घडली, तेथे लिंकनची घोषणा झाली तेव्हा कथेचा नायक बारा वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला होता! १९२० च्या सुमारास मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांत तो उरला नव्हता. १९३० च्या दशकात देशभरात मिळून दोन लाखही नसावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

१२/
येथे माझे भांडण दोन्ही बाजूंशी आहे. प्राणिप्रेमी म्हणतात, शिकाऱ्यांनी हा पक्षी संपवला. शिकारी संघटना म्हणतात, आम्हीच तो वाचवला. आज तेथे ६० लाखांच्या आसपास जंगली टर्की आहेत, हे खरे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामाला लावला, हेही खरे, आणि परवान्यांचे पैसे त्याच कामी आले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण तो कर रानात पाऊलही न टाकणारा बंदूकधारीही भरतो. आणि पक्ष्याला परतायला रान लागते. न्यू इंग्लंडमध्ये ते परत आले, कारण शेतकरी खडकाळ जमिनी सोडून पश्चिमेला आणि गिरण्यांत गेले. त्यांच्या ओस पडलेल्या शेतांवर झाडी चढली. त्या शेतकऱ्यांचा पुतळा कोणी उभारत नाही.

१३/
शिवाय पहिला उपाय सपशेल फसला. राज्यांनी अनेक वर्षे पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले रानात सोडली, आणि ती मेली. रानात कसे जगावे हे पिल्लाला आई शिकवते. पैदास केंद्राला ते येत नाही. यश आले ते रानातलेच पक्षी धरून दुसऱ्या रानात हलवल्यावर, आणि त्यासाठी तोफेने उडवायचे जाळे १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात वापरले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यू यॉर्कहून आणलेले अवघे ३७ पक्षी सोडले. आज ते बोस्टनच्या उपनगरांत टपालवाल्यांच्या मागे लागतात.

१४/
माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळीच होती आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजू फारसे बोलत नाहीत : विक्रीबंदी. शिकार केलेली जंगली टर्की आज अमेरिकेत विकता येत नाही. स्वतः मारा, नाहीतर मारणाऱ्याने तुम्हाला जेवायला बोलवायला हवे. वसंतातील शिकार मुख्यतः नरांची, कारण माद्या अंड्यांवर असतात. ज्या समाजात पाण्यालाही किंमत आहे, तेथे या एका मांसाला बाजारभाव नाही. शिकारी तोच, बंदूक अधिक चांगली, तरी पक्षी टिकला. बदलला तो गिऱ्हाईक.

१५/
आणि म्हणूनच स्वयंपाकघराचा विचार करावा लागतो. जंगली टर्की शिजवणे हे काम पाळीव टर्कीच्या सवयीने जमत नाही. पाय आयुष्यभर चाललेले, छाती उडालेली, चरबी बेताची. अख्खा पक्षी भट्टीत घातला तर पाय शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. आपल्याकडे ब्रॉयलरच्या अंदाजाने गावठी कोंबडा शिजवणाऱ्याची जी गत होते, तीच. जाणते लोक छाती आणि पाय वेगळे करतात. छाती मिठाच्या पाण्यात ठेवून, आडवे काप करून, तव्यावर झटपट. पाय आणि मांड्या मंद आचेवर तीन-चार तास, मांस हाडावरून आपोआप सुटेपर्यंत. तंगडीतले कंडर हाडासारखे कडक झालेले असतात, काड्यांसारखे एकेक उपसून काढावे लागतात. हाडांचा रस्सा होतो. कलेजी-पेठा तर आहेच.

१६/
१७९६ चे अमेलिया सिमन्स यांचे पुस्तक, अमेरिकन लेखिकेचे अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक, टर्की भरून भाजायला सांगते आणि सोबत क्रॅनबेरीची चटणी, कांदे, आणि चक्क ‘मँगो’ वाढायला सांगते! उड्या मारू नका, तो आपला आंबा नव्हे. कैरीचे लोणचे इंग्लंडात इतके आवडले होते की भरून मुरवलेल्या खरबुजाला किंवा काकडीलाही तेच नाव पडले. हापूसवाल्यांनी यावर स्वतंत्र थ्रेड लिहावा.

१७/
पण आजचे कितीतरी शिकारी करतात काय? छातीची दोन फाकी कापून घेतात आणि उरलेला पक्षी रानात टाकून देतात. पाय चिवट, वेळखाऊ, म्हणून नकोत. मग घरी येऊन ‘आम्ही पूर्वजांची परंपरा जगतो’ असे छायाचित्राखाली लिहितात. कोणत्या पूर्वजांची? पिसांची घोंगडी विणणाऱ्यांची नक्कीच नव्हे. मक्याच्या पेजेत मांसाचा कण न् कण शिजवणाऱ्या वाम्पानोआगांचीही नव्हे. छातीपुरता पक्षी हवा असणे ही मोठ्या बाजाराची चव आहे. रुंद छातीची पांढरी टर्की याच चवीने घडवली. ज्या बाजारापासून कायद्याने हा पक्षी सोडवला, तो बाजार शिकाऱ्याच्या सुरीत मुक्काम करून आहे. पाय शिजवण्याचे चार तास ज्याच्यापाशी नाहीत, त्याने परंपरेचे नाव घेऊ नये.

१८/
वाम्पानोआगांचे वंशज आणि त्यांचे सोबती १९७० पासून याच गुरुवारी प्लिमथच्या टेकडीवर जमतात आणि हा शोकदिन म्हणून पाळतात. त्या वर्षी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना समारंभात भाषणाचे निमंत्रण होते. मजकूर आधी पाहिल्यावर आयोजकांनी तो बदलायला सांगितला आणि त्यांनी नकार दिला. पाच हरणे आणणाऱ्यांचे पुढे काय झाले, ते त्या मजकुरात होते.

१९/
प्रतिसादांत कोणीतरी ‘बेंजामिन फ्रँकलिनला टर्की राष्ट्रीय पक्षी करायची होती’ हे लिहीलच, म्हणून आताच सांगतो : त्याने असा प्रस्ताव कधी मांडला नाही. जानेवारी १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात एका संघटनेच्या पदकावरील गरुडाची थट्टा करताना टर्की त्याहून सभ्य पक्षी आहे, असे त्याने म्हटले. एवढेच.

२०/
माझी गेल्या वर्षीची पोस्ट मी पुसलेली नाही. तिच्याखाली हा थ्रेड जोडला आहे आणि चित्रावर ‘घटनेचे चित्र नव्हे’ अशी ओळ टाकली आहे. विन्स्लोच्या पत्रातला तो परिच्छेद अगदी छोटा आहे. पुढच्या वेळी कोणी ही गोष्ट तुम्हाला सांगितली, तर आधी त्यातली पाच हरणे कुठे गेली ते विचारा.