अपडेट एकच, अनुभव मात्र दोन

जयपूरमधील मानसरोवर ही राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली विस्तीर्ण वसाहत. निवृत्तीनंतर मी येथेच स्थायिक झालो. गेल्या हिवाळ्यात माझ्या आणि शेजारच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या मोटारीत एकाच आठवड्यात एकच सॉफ्टवेअर अपडेट दाखल झाले. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या. खरेदीत अंतर जेमतेम पाच महिन्यांचे. अपडेटनंतर त्यांच्या गाडीतील पडदा पूर्वीपेक्षा चपळ झाला. माझ्या गाडीत मात्र रिव्हर्स गिअर टाकल्यावर मागचे दृश्य कधी लगेच दिसे, कधी काही सेकंदांनी, तर कधी पडदा काळाच राही. ज्या गल्लीत संध्याकाळी मुले सायकली फिरवतात, तेथे ही काही सेकंदे क्षुल्लक नसतात.

सेवा केंद्रात मला नम्रपणे सांगण्यात आले की अशी तक्रार अन्य कोणाचीही नाही. पुरावा म्हणून शेजाऱ्यांच्याच गाडीचा दाखला मिळाला. जॉबकार्डवर शेरा होता : ‘दोष आढळला नाही.’ तीन दशकांहून अधिक काळ सरकारी फायली हाताळल्यामुळे या शेऱ्याचे सामर्थ्य मी जाणतो. तो खोटा नसतो. पण पुढची चौकशी मात्र तेथेच थांबते.

वास्तविक, एकाच अपडेटचे निकाल वेगवेगळे का लागतात, यात गूढ असे काही नाही. एका मॉडेलच्या सर्व गाड्या बाहेरून सारख्या असल्या तरी आतून तशा असतीलच असे नाही. २०२१ च्या सुमारास जगभर चिपचा तुटवडा निर्माण झाला, तेव्हा अनेक वाहन कंपन्यांना मिळतील ते सुटे भाग वापरून उत्पादन चालू ठेवावे लागले. शिवाय एखादी गाडी आधीच्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाते, तर दुसरी मधल्या दोन आवृत्त्या ओलांडून. कोठे अपडेट हवेतून येते, कोठे सेवा केंद्रात पेनड्राइव्हने घातले जाते. स्थापनेच्या वेळी बॅटरीचा दाब कमी असणे, साठवणुकीची जागा भरलेली असणे, जोडलेल्या फोनची प्रणाली वेगळी असणे, यांपैकी कशानेही निकाल बदलतो. म्हणजे ही विसंगती अपघाती नाही. ती या तंत्रज्ञानाच्या रचनेतच आहे. तरीही तक्रारदारासमोर तीच विसंगती ‘इतरांचे ठीक आहे’ या रूपाने कंपनीचा बचाव बनून उभी राहते. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

गाणी आणि नकाशे दाखवणाऱ्या पडद्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी मनोरंजन प्रणालीच्या वाटेने चालत्या जीपच्या नियंत्रणात शिरकाव करून दाखवला. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लाख वाहने परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. २०२१ मध्ये टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पडदा निकामी झाला की मागचा कॅमेरा आणि काचेवरील धुके हटवण्याची सोयही हाताबाहेर जात होती. तर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन कंपनीच्या एका सदोष अपडेटने काही ग्राहकांचे पडदे बंद पाडले. चुकीचे सुरक्षा प्रमाणपत्र असलेली आवृत्ती पाठवली गेल्याचे कंपनीनेच मान्य केले. यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ करमणुकीची नव्हती. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागील पार्किंग सेन्सर अनिवार्य आहेत आणि अनेक गाड्यांत त्यांची सूचना याच पडद्यावर उमटते.

आपला कायदा याबाबत अगदीच मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. दोषाच्या व्याख्येत त्यांनी सॉफ्टवेअरचाही समावेश केला, हे दूरदृष्टीचेच म्हणावे लागेल. परंतु सक्तीची प्रक्रिया सुरू होण्यासाठी तक्रारींची जी किमान संख्या ठरवली आहे, ती मॉडेलच्या वार्षिक विक्रीशी जोडलेली आहे. धातूच्या सुट्या भागाला हा हिशेब लागू पडतो. सॉफ्टवेअरमधील दोष मात्र मॉडेलमध्ये नव्हे, तर विशिष्ट आवृत्ती आणि विशिष्ट हार्डवेअर यांच्या संयोगात दडलेला असतो. मॉडेलच्या एक लाख गाड्यांपैकी दोन हजारांत तो संयोग जुळून आला, तर त्या दोन हजार मालकांच्या तक्रारी मोठ्या बेरजेत विरून जातात.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत अ‍ॅपलला नोटीस बजावली गेली. आयफोनच्या नव्या अपडेटनंतर कामगिरी खालावल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या होत्या. विक्रीनंतर पाठवलेले अपडेट हाही ग्राहक हक्काचा विषय आहे, हे शासनाने त्यातून मान्य केले. फोनला जो न्याय, तो दीड टनाच्या मोटारीला का नसावा?

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५६ ने यासाठी चौकट घालून दिली आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना तो बंधनकारक आहे. अपडेटचा हेतू काय, त्याला किती वेळ लागेल, त्या काळात कोणत्या सोयी बंद राहतील, हे वाहनधारकास आधी सांगावे लागते आणि अपडेट फसल्यास गाडी पूर्वस्थितीत किंवा सुरक्षित स्थितीत आणावी लागते. आपल्याकडेही पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या माध्यमातून एआयएस-१९० हे त्याच धर्तीचे मानक आकाराला आले आहे. मात्र अशा चौकटींचा भर मान्यतेशी निगडित प्रणालींवर असतो. मनोरंजनाचा म्हणून ओळखला जाणारा पडदा बव्हंशी काठावरच राहतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक अपडेटपूर्वीची आणि नंतरची आवृत्ती, तसेच हार्डवेअरचा क्रमांक, सेवा नोंदीत लिहून ग्राहकास देणे बंधनकारक करावे. दुसरी, कॅमेरा, सेन्सर किंवा इशारे दाखवणाऱ्या पडद्याच्या बाबतीत आधीच्या आवृत्तीवर विनामूल्य परतण्याचा हक्क ठरावीक मुदतीपर्यंत असावा. एखाद्या आवृत्तीत सायबर सुरक्षेची त्रुटी असल्यामुळे मागे जाणे धोक्याचे असेल, तर कंपनीने ते लेखी सांगून दुरुस्तीची तारीख द्यावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वाहन परत बोलावण्याच्या सरकारी यंत्रणेत तक्रारी आवृत्तीनिहाय मोजल्या जाव्यात आणि ते आकडे सर्वांना पाहता यावेत.

यावर उद्योगाचे म्हणणे असे की, प्रत्येक अपडेट सरकारी कचेरीतून जाऊ लागले तर तातडीच्या सुरक्षा दुरुस्त्या रखडतील. ही भीती रास्त आहे. परवाना राजवटीचा अनुभव घेतलेल्या माझ्या पिढीला तर ती विशेष कळते. पण मी पूर्वपरवानगी मागत नाही, नोंद मागतो आहे. पेट्रोल पंपावरील मापाची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी होते. त्यामुळे इंधनविक्री थांबलेली नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून मानसरोवरपासून मेट्रोने सहज गाठता येणाऱ्या जुन्या शहरातील जंतरमंतरची आठवण येते. पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्र सरकते आणि निरीक्षणे जुळत नाहीत, हे सवाई जयसिंहाच्या ध्यानात आले होते. त्याने चुन्या-दगडांची भव्य यंत्रे उभारली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दिल्ली आणि जयपूरसह मथुरा, उज्जैन व वाराणसी येथेही वेधशाळा बांधल्या, कारण एका ठिकाणचे निरीक्षण दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहायचे होते. दोन निकालांत फरक पडला, तर तो फरकच अभ्यासाचा विषय होई.

प्राध्यापकांची गाडी उत्तम चालते, याचा मला आनंदच आहे. परंतु त्यांची गाडी माझ्या तक्रारीचे उत्तर नव्हे. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून तपासल्या असत्या, तर कदाचित दोषाचे मूळ त्याच दिवशी सापडले असते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)