गोल्फच्या लोखंडी काठ्या आणि ज्याचा त्याचा अधिकार

गोल्फ हा साहेबांचा आणि धनिकांचा खेळ. त्याच्याशीं आपल्या घरांचा काय संबंध, असें कांहीं वाचक म्हणतील. पूर्वीं हें म्हणणें पुष्कळ अंशीं खरेंही होतें. परंतु २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत बंगळूरची अदिति अशोक चौथी आली, त्या दिवशीं ज्या घरांत या खेळाचें नांवही कोणी काढीत नसे तेथील मंडळी पहाटे उठून दूरचित्रवाणीपुढें बसली होती. शिवाय कोणाचा पुतण्या अमेरिकेंत, कोणाची सून पुण्याच्या मोठ्या कचेरींत, कोणाचे मामा लष्करांतून निवृत्त झालेले. यांपैकीं एक ना एक जण या खेळाच्या नादीं लागतो आणि मग घरांत 'आयर्न' नांवाच्या काठ्यांचा संच घेण्याची गोष्ट निघते. चांगल्या नव्या संचाची किंमत सहज लाखाच्या घरांत जाते. एवढें द्रव्य खर्चून आणलेली वस्तु हाताला मानवली नाहीं तर पैसा जातो तो जातोच. पण मनगट दुखावतें, पाठ धरते, आणि दोष काठीचा असतां आपल्यालाच हा खेळ साधत नाहीं अशी समजूत करून घेऊन माणूस तो सोडून देतो. असे सोडून दिलेले संच पुष्कळ माळ्यांवर धूळ खात पडलेले मीं पाहिले आहेत.

मी स्वतः या खेळांत प्रवीण नाहीं. थोरले बंधु लष्कराच्या हिशेबखात्यांत होते. छावणीच्या मैदानावर त्यांच्यामागून चालतां चालतां जें पाहिलें, ऐकलें आणि मास्तरकीच्या खोडीनें मोजून टिपून ठेवलें, तेवढीच माझी पुंजी.

ज्यांना या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. लांब फटक्यासाठीं मोठ्या डोक्याच्या काठ्या, चेंडू भोंकांत लोटण्यासाठीं पटर, आणि या दोहोंमधील सर्व अंतरांसाठीं लोखंडी पात्याच्या काठ्या, म्हणजे आयर्न. पूर्वीं त्यांना क्लीक, मॅशी, निब्लिक अशीं मोठीं गमतीचीं स्कॉटिश नांवें होतीं आणि त्यांचे दांडे हिकरी लांकडाचे असत. बॉबी जोन्सनें १९३० सालचे आपले प्रसिद्ध विजय लांकडी दांड्यांनींच मिळविले. पोलादी दांड्यांना अमेरिकेंत त्याआधींच मुभा मिळाली होती. स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूजच्या धुरीणांनीं ती १९२९ मध्यें दिली. पोलादी दांडे एकसारखे करतां येऊं लागले तशीं जुनीं नांवें मागें पडून आंकडे आले. कांहीं खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन निघूं लागले, तेव्हां १९३८ मध्यें अमेरिकेंत आणि १९३९ मध्यें ब्रिटनमध्यें चौदांची मर्यादा घालण्यांत आली. ती अद्याप तशीच आहे.

आतां मुख्य गोष्ट. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयीं, कशासाठीं, आणि मुख्य म्हणजे कोणासाठीं, हें आधीं ठरवावयाचें. गोल्फचें सामान विकणारा गृहस्थ पहिलीं तीन मोठ्या रसाळपणें सांगतो. चौथ्याचें त्याला विस्मरण होतें. काठी उत्तम आहे, अमुक विजेत्यानें ती वापरली आहे, हें सर्व खरें असेल. ती कोणाच्या हातीं शोभेल हा प्रश्न उरतोच. कौमुदी कितीही थोर असली तरी काल रूपावली हातीं घेतलेल्या मुलाला ती देऊन काय उपयोग?

आयर्नच्या पात्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग आहेत. एक जुन्या वळणाचें, पाठीमागून भरीव आणि अंगानें पातळ. त्याला 'ब्लेड' म्हणतात. दुसरें पाठीमागून कोरून पोकळ केलेलें आणि कोरलेलें वजन कडांना व तळाला वांटून दिलेलें. दोरीवरून चालणारा डोंबारी आडवी लांब काठी हातीं धरतो ती कशासाठीं? वजन मध्यापासून दूर गेलें म्हणजे वस्तु सहजासहजीं पिळवटत नाहीं. तोच न्याय येथें लागतो. चेंडू पात्याच्या मर्मस्थानापासून अर्धा इंच बाजूला लागला तर ब्लेड हातांत वळतें, हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू अल्पावकाशांत भलतीकडे पडतो. कोरीव पात्याचा तोच चुकलेला फटका जरा उणा पडतो खरा, पण बराचसा वाटेवर राहतो.

ही युक्ति सर्वत्र रूढ करण्याचें श्रेय प्रामुख्यानें कार्स्टन सोलहाइम या इंजिनियराला दिलें जातें. त्याचा जन्म १९११ मध्यें नॉर्वेतील बर्गेन येथें झाला. लहानपणीं तो अमेरिकेंत आला, तरुणपणीं बापाचा चर्मकाराचा धंदा त्यानें केला, पुढें जनरल इलेक्ट्रिकमध्यें नोकरी धरली. बेचाळिसाव्या वर्षीं गोल्फ खेळूं लागला, चेंडू भोंकांत जाईना, म्हणून १९५९ मध्यें त्यानें स्वतःच एक पटर तयार केला. चेंडू लागतांच त्यांतून निघणाऱ्या नादावरून त्याच्या मालाचें 'पिंग' हें नांव पडलें. पुढें त्यानें आयर्नचीं पातीं मेणाच्या सांच्यानें ओतण्यास आरंभ केला. मेणाची आकृति करावयाची, तिच्यावर लेप चढवावयाचा, मेण वितळवून काढावयाचें आणि राहिलेल्या पोकळींत धातूचा रस ओतावयाचा. आपल्याकडील मूर्तिकारांची ही जुनीच विद्या. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत ती सांगितलेली आहे. घणानें ठोकून घडविलेल्या पात्यास जो आकार देणें जड जातें तो ओतीव पात्यास सहज देतां येतो. सोलहाइमनें दुसरें एक केलें : १९७० च्या दशकांत त्यानें माणसाच्या उंचीनुसार व हाताच्या लांबीनुसार काठीच्या बसणीचा तक्ता तयार करून काठ्यांवर रंगीत ठिपके दिले. जोडा पायाच्या मापानें शिवावयाचा असतो हें ज्याला बालपणापासून ठाऊक, त्याला हें सुचावें यांत नवल नाहीं.

मग ब्लेड कोणी घ्यावें? एक परीक्षा सांगतों. पात्यावर पावडरीचा हलका थर द्यावा आणि दहा चेंडू मारावेत. प्रत्येक खूण कोठें उमटते तें पाहून पुसून टाकावी. दहाही खुणा एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकल्या जात असतील तर खुशाल ब्लेड घ्यावें. त्याचा स्पर्श आणि चेंडूला हवी तशी वांकण देण्याची सोय यांचें सुख निराळेंच आहे. खुणा तळहाताएवढ्या जागेंत विखुरल्या असतील तर कोरीव पातें घ्यावें आणि त्यांत कमीपणा मानूं नये. पुष्कळ व्यावसायिक खेळाडूही लांब आयर्न कोरीव ठेवतात आणि ब्लेड आंखूड काठ्यांपुरतेंच वापरतात. दुकानांत हल्लीं चेंडूचा वेग व उंची मोजणारें यंत्र असतें. त्याच्यापुढें वीस फटके मारावेत, आणि सर्वांत लांब गेलेले दोन मनांतून वगळून बाकीच्या अठरांचा पसारा पाहावा. विक्रेता नेमके ते दोन दाखवील.

आंकड्यांविषयीं मात्र विशेष सावध राहावें. 'या नव्या सात नंबरानें माझा चेंडू पंधरा यार्ड पुढें जातो', असें पुष्कळ जण अभिमानानें सांगतात. पात्याचा मागें कललेला कोन, ज्याला 'लॉफ्ट' म्हणतात, तो पूर्वीं सात नंबरास सुमारें ३५ ते ३६ अंश असे. नवशिक्यांसाठीं विकल्या जाणाऱ्या आजच्या कित्येक संचांत तो २८ ते ३० अंश असतो. म्हणजे जुन्या पांच नंबरावर सात हा आंकडा कोरला, एवढाच पुष्कळसा चमत्कार! कारखानदारांवर अन्याय नको म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, वजन तळाशीं गेल्यामुळें नव्या पात्याचा चेंडू अधिक उंच चढतो आणि त्यामुळें कोन थोडा उभा करावाच लागतो. पण याचा परिणाम संचाच्या दुसऱ्या टोंकाला भोगावा लागतो. अशा संचांतील 'पिचिंग वेज' ४३ अंशांच्या आसपास येते, वाळूंतून चेंडू काढण्याची 'सँड वेज' मात्र ५६ अंशांचीच राहते. मध्यें तेरा अंशांची दरी पडते आणि ती भरण्यासाठीं आणखी एक काठी विकत घ्यावी लागते. तेव्हां दुकानांत नंबर विचारूं नये, अंश विचारावेत. एका काठींतून दुसरींत सुमारें चार अंशांचें अंतर असलें म्हणजे संच सरळ चालीचा समजावा. तीन व चार नंबरांचे लांब आयर्न तर सामान्य खेळाडूनें घेऊंच नयेत. त्यांच्या जागीं जाड डोक्याची 'हायब्रिड' काठी पुष्कळ सोपी पडते.

आतां माप. नुसत्या उंचीवरून काठीची लांबी ठरत नाहीं. बूट घालून सरळ उभें राहावें, हात सैल सोडावेत, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचें अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावें. आजानुबाहु पुरुष सहा फूट उंच असला तरी त्याला लांब काठी लागत नाहीं. सात नंबराची नेहमींची लांबी सुमारें ३७ इंच. त्यापासून अर्धा-पाऊण इंच इकडे तिकडे केल्यानें बहुतेकांचें भागतें. लांबीहून अधिक महत्त्वाची ती बसणी, ज्याला 'लाय' म्हणतात. काठी जमिनीवर टेकतांना पात्याचा तळवा टाचेपासून चवड्यापर्यंत सारखा बसावा. तळव्याला कागदी चिकटपट्टी लावून एखाद्या पाटावरून चेंडू मारावा. पट्टीवरील खूण टाचेकडे आली तर काठी फार उभी आहे, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढला जाईल. खूण चवड्याकडे आली तर त्याच्या उलट. ठोकून घडविलेलें पातें एक-दोन अंश वांकवून घेतां येतें. कठीण पोलादाच्या ओतीव पात्यास हें तितकेंसें सोसत नाहीं, म्हणून तें घेतांनाच बसणी नीट पाहावी.

दांड्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. पोलादी दांड्याचें वजन साधारण ९५ ते १३० ग्रॅम आणि ग्राफाइटचें ५० ते ८० ग्रॅम. ज्याचा चेंडू सात नंबरानें शंभर-सव्वाशें यार्डांपलीकडे जात नाहीं, त्यानें ताठ, म्हणजे 'स्टिफ', दांड्याकडे पाहूंही नये. साठी उलटलेल्यांनीं आणि ज्यांचें कोपर दुखतें त्यांनीं ग्राफाइट घ्यावा. तो बायकांचा दांडा आहे असें कोणी हिणविलें तर हिणवूं द्यावें. कोपर आपलें आहे. तळव्याच्या रुंदीचाही विचार असावा. फटक्याबरोबर मोठा ढेकूळ उडविणारास रुंद तळवा उपकारक, कारण तो जमिनींत रुतत नाहीं. पण आपल्या देशावरील मैदानें चैत्र-वैशाखांत तव्यासारखीं टणक होतात. तेथें फार रुंद तळवा आपटून वर उसळतो. म्हणून मध्यम रुंदी बरी.

आपल्या एकत्र कुटुंबांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. छत्री, सायकल, शब्दकोश या वस्तु एकानें आणल्या कीं सर्वांच्या होतात, आणि तें योग्यच आहे. आयर्नच्या संचाचें तसें नाहीं. तिशींतील पुतण्यासाठीं घेतलेला ताठ पोलादी संच त्याच्या काकांनीं रविवारीं वापरावा आणि सोमवारीं शेक घेत बसावें, हें मीं पाहिलें आहे. नवा संच घेऊन जुना वडिलांना द्यावयाचा यांत भक्ति असते, पण वडिलांच्या मापाचा एखादा साधा संच, जुन्या बाजारांतला कां होईना, त्यांच्या अधिक उपयोगीं पडेल. जुना घेतांना पात्यावरील खांचा झिजलेल्या नाहींत ना, आणि सर्व काठ्यांचे दांडे एकाच जातीचे आहेत ना, एवढें पाहावें. मुठी कडक झालेल्या असतील तर त्यांची चिंता नको. त्या थोड्या खर्चांत बदलून मिळतात. वरच्या हातानें धरल्यावर मधलीं दोन बोटें तळहाताच्या गादीला जेमतेम टेकतील इतकी मूठ जाड असावी.

लहान मुलांविषयीं सर्वांत अधिक चूक होते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतों, तशी काठीही वाढत्या अंगाची घेण्याचा मोह होतो. नाहीं तर वडिलांची काठी करवतीनें कापून मुलाच्या हातीं दिली जाते. कापलेला दांडा अधिकच ताठ होतो, पातें मात्र मोठ्या माणसाचेंच राहतें. तें जड ओझें फिरवितां यावें म्हणून मूल सारें अंग वांकडें करून मारतें, आणि एकदां अंगीं बसलेलें तें वळण पुढें कोणत्याही शिक्षकाला सहसा मोडतां येत नाहीं. मुलांच्या उंचीप्रमाणें केलेल्या हलक्या काठ्या निराळ्या मिळतात. संपूर्ण संचाची गरज नाहीं. सात व नऊ नंबरांचे आयर्न, एक लांब फटक्याची काठी आणि एक पटर एवढ्यावर दोन वर्षें निघतात. आणि येथें मात्र एकत्र कुटुंब कामीं येतें : थोरल्याला त्या काठ्या आंखूड होऊं लागल्या म्हणजे पुसून, मुठी बदलून, धाकट्या चुलत भावंडाच्या स्वाधीन कराव्यात.