गोळीचा सव्वा महिना

डोकं दुखलं की क्रोसिन घ्यायची आणि अर्ध्या तासात उतरलं नाही तर ‘हल्लीच्या गोळ्यांत काही दम नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, ही आपली सवय. औषध म्हणजे घेतलं की गुण आला पाहिजे. मनाच्या आजारावरची गोळी मात्र या हिशेबात बसत नाही. नैराश्यावरची नेहमीची गोळी आज सुरू केली तर तिचा गुण जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडेही जातात. आणि मधल्या दिवसांचं काय? डॉक्टर चिठ्ठी देतात, मेडिकलवाला पाकीट देतो आणि घरचे म्हणतात, ‘आता औषध चालू आहे ना, मग?’ या ‘मग?’चं उत्तर त्या बाईकडे नसतं. कारण आतून तिला अजून काहीच बरं वाटत नसतं. कधी कधी तर आधीपेक्षा जास्त वाईट वाटत असतं.

मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की उपचार सुटतात ते याच दिवसांत. माझ्या ओळखीतल्याच तिघींनी दहा-बारा दिवसांत गोळ्या सोडल्या. एकीला मळमळलं, दुसरीला ‘काही फरकच नाही’ वाटलं, तिसरीच्या नवऱ्याने पाकीटच कचऱ्यात टाकलं. तिघीही आज तशाच कुढत बसल्या आहेत.

मी स्वतः २०२३च्या पावसाळ्यात या वाटेने गेले म्हणून लिहायचं धाडस करतेय. पहाटे साडेतीनला जाग यायची, छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायाला मुंग्या. काहीतरी वाईट होणार आहे, ही एकच भावना. काय होणार ते माहीत नाही, पण होणार! दिवस उजाडला की रडू यायचं. कार्डिओग्राम झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं. (हे तपासणं गरजेचंच असतं बरं का. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी असंच काहीसं होतं.) सगळं नॉर्मल. गावातले डॉक्टर म्हणाले, ‘ताई, तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’ जणू काही मीच बाजारातून रोज पावशेर टेन्शन आणत होते!

शेवटी सोलापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आम्ही राहतो मंगळवेढ्याला. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे ‘उगाच जाण्यायेण्याचा खर्च’ हे कारण तरी घरात कोणाला काढता आलं नाही. नैराश्य आणि त्यासोबत चिंतेचा विकार, असं निदान झालं. एस्सिटालोप्राम नावाची गोळी, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. आणि डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, ज्याच्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. ते म्हणाले, ‘पहिले आठ-दहा दिवस धडधड थोडी वाढू शकते. ती वाढली तर घाबरू नका आणि गोळी बंद करू नका, मला फोन करा.’

पाचव्या दिवशी तसंच झालं. मळमळ, हात थरथरणं, तोंडाला कोरड, जांभया आणि झोप मात्र नाही. ते वाक्य कानात नसतं तर मीही चौथी झाले असते.

हे असं का होतं, ते मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. मला समजलं ते असं. गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम वाढायला लागतं. पण मेंदूत या रसायनावर पहारा ठेवणारी यंत्रणा असते. ती म्हणते, जास्त झालं, आता सोडणं कमी करा. हा पहारा सैल पडायला काही आठवडे लागतात. पेशींच्या आपापसातल्या जोडण्याही हळूहळू बदलतात. सुरुवातीची अस्वस्थता याच धांदलीतली असते, असं समजतात. ‘सेरोटोनिन कमी पडलं की नैराश्य’ असं पूर्वी सोपं करून सांगत असत. आता जाणकार तसं म्हणत नाहीत, मामला त्याहून गुंतागुंतीचा आहे. गंमत म्हणजे या जातीच्या औषधांचा शोध लागला तोच मुळी अपघाताने. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं नवीन औषध देऊन पाहत होते, तर खाटेवर मरगळून पडलेले रोगी हसू-बोलू लागले. फुप्फुसांसाठी दिलेलं औषध मनाला लागू पडलं. असो.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना देतात. तिला गार पाण्यात हात घालू देत नाहीत, जड उचलू देत नाहीत. हात मोडला तर प्लास्टरचे सहा आठवडे कोणी म्हणत नाही की ‘मनात आणलंस तर उचलशील घागर’. मग ज्या बाईचं मन मोडलंय, तिला सव्वा महिना का नाही? तिने मात्र गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पुरणपोळी वाढायची आणि वर हसतमुख राहायचं!

मी घरी हेच शब्द वापरले. सासूबाईंना सेरोटोनिन काय सांगणार? म्हटलं, ‘आई, डॉक्टरांनी सव्वा महिना सांगितलाय.’ त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग सकाळच्या भाकरी मी बघते. तू उठू नकोस पहाटे.’ एवढंच. ‘डिप्रेशन’ हा शब्द त्यांना परका होता, सव्वा महिना नव्हता. तुमच्याही घरी हा शब्द वापरून बघा.

पण भाकरीतून सुटका झाली म्हणून दिवस सुटत नाही. दिवस ढकलावाच लागतो. सगळ्यांत वाईट सकाळ. जाग आल्यावर अंथरुणात पडून राहिलं की विचार मुंग्यांसारखे चढतात. म्हणून मी जाग आली की उठून बसायचे, तोंड धुवायचे आणि अंगणात फेऱ्या मारायचे. उजाडल्यावर शनिवार पेठेच्या पलीकडे वीस-पंचवीस मिनिटं चालून यायचं, पाऊस असला तर ओसरीवर. चहा दिवसाला पाच-सहा कप व्हायचा, तो दोनावर आणला. चहा-कॉफीने धडधड वाढते, हे मला माहीतच नव्हतं. चहा कमी करणं हे गोळीइतकंच अवघड गेलं, खोटं कशाला बोलू!

श्वासाचं एक सांगते. ‘प्राणायाम कर’ हा सल्ला मला निदान वीस जणींनी दिला. पण छाती धडधडत असताना जोरजोरात कपालभाती केली की मला आणखीच चक्कर यायची. उपयोग झाला तो साध्या गोष्टीचा : श्वास चार आकडे मोजून घ्यायचा आणि सहा आकडे मोजून हळूहळू सोडायचा. सोडणं घेण्यापेक्षा लांब. पाच मिनिटं. धडधड जात नाही, पण तिचा जोर ओसरतो.

आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत. वाचायला बसले तर एक ओळ दहादा वाचायचे, टीव्ही नकोसा व्हायचा. पण मेथी निवडणं, शेंगा फोडणं, ज्वारी पाखडणं, हे जमायचं. त्याला डोकं लागत नाही आणि पुढ्यात काहीतरी झालेलं दिसतं. एक जुडी निवडून झाली म्हणजे दिवसातली वीस मिनिटं गेली. मोठमोठे संकल्प या दिवसांत करूच नयेत. घर विकायचं का, नोकरी सोडायची का, माहेरी निघून जायचं का, हे निर्णय सव्वा महिन्यानंतर.

काळजीला मी वेळ ठरवून दिली होती, संध्याकाळी पाच ते सव्वापाच. दिवसभर मनात जे येईल ते वहीत एका ओळीत टिपायचं आणि म्हणायचं, ‘पाचला बघू.’ ऐकायला पोरकट वाटतं, पण मानसोपचारात ही पद्धत खरोखर वापरतात. पाच वाजता वही उघडली की निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असायच्या. त्याच वहीत रोज तीन गोष्टी लिहायचे : झोप किती तास, धडधड दहापैकी किती, आणि गोळी घेतली की नाही. त्याचा पुढे फार उपयोग झाला. कारण ‘काहीच फरक नाही’ असं मन म्हणत होतं तेव्हा वही म्हणत होती की पहिल्या आठवड्यात नऊ होतं, तिसऱ्यात सात आहे.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र आलं की आपण बायका आधी गोळी बंद करतो. ‘उपवासाला कशी चालेल?’ अगं, औषधाने उपास मोडत नाही. आणि ही गोळी एक दिवसाआड घेऊन चालत नाही, ती रोज ठरल्या वेळी पोटात गेली तरच तिचा हिशेब जुळतो. उपाशीपोटी मळमळत असेल तर दोन घास भगरीचे खाऊन घ्या, आणि वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा.

‘या गोळ्यांची सवय लागते’ हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं. यात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत आहे. मला पहिले दोन-तीन आठवडे रात्री क्लोनाझेपामची छोटी गोळी दिली होती. ती लगेच शांत करते, झोप आणते, आणि सवय लागते ती या जातीच्या गोळीची. म्हणून ती थोडेच दिवस, डॉक्टर सांगतील तेवढीच. शेजारणीकडून मागून तर कधीच नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांची तशी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो. म्हणून सोडायच्या त्याही हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने घ्यायच्या असतात, नाहीतर दुखणं परत उलटतं. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तरी मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा, त्या अवस्थेतही चालतील अशा गोळ्या असतात.

सहन करत बसायचं कुठपर्यंत, हेही माहीत हवं. मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्त धडधड ही बहुधा आठ-पंधरा दिवसांत कमी होते. पण एका जागी क्षणभर बसवत नाही इतकी तगमग झाली, अंगावर पुरळ उठलं, किंवा उलट झोप न होताही भलताच उत्साह आला आणि बोलणं थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि जीव नकोसा झाला, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा. पंचविशीच्या आतल्या मुलींच्या बाबतीत सुरुवातीचे दिवस घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, औषधांचं पाकीट मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावं. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं.

माझा गुण काही वाजतगाजत आला नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि मी एकदाही दचकले नाही, हे मला वरण घोटताना लक्षात आलं. मधेच दोन दिवस पुन्हा वाईट गेले. मग चार चांगले. प्रत्येकीला पहिलीच गोळी लागू पडते असंही नाही. कोणाला डोस वाढवावा लागतो, कोणाला गोळी बदलावी लागते, आणि बदलली की सव्वा महिना पुन्हा नव्याने मोजावा लागतो. हे फार जिवावर येतं. पण रक्तदाबाची गोळी बदलली तर आपण नशिबाला बोल लावत नाही, इथेही लावू नये.

डॉक्टरांकडे माझं एकच मागणं आहे. चिठ्ठीवर इंग्रजीत औषधाचं नाव लिहिता, त्याखाली मराठीत दोन ओळी लिहा : ‘गुण यायला महिना लागेल. आधी थोडा त्रास होईल, बंद करू नका.’ बाई घरी गेल्यावर ती चिठ्ठी नवरा वाचतो, सासू कोणाकडून तरी वाचून घेते. तिच्या शब्दाला घरात वजन नसलं तरी डॉक्टरांच्या अक्षराला असतं.

माझ्या गोळ्या २०२४च्या दिवाळीनंतर टप्प्याटप्प्याने कमी करत बंद झाल्या. ती वही मात्र जपून ठेवली होती. परवा जाऊबाईंच्या बहिणीला गोळ्या सुरू झाल्या, आज तिचा सहावा दिवस आहे. ती वही वाचायला घेऊन गेलीय.