श्रावण पाण्यातही पाळा

आपल्याकडे श्रावण पाळला जातो तो ताटात. आषाढातली दिव्याची अवस, जिला 'गटारी' असे ओंगळ नाव पडले आहे, ती जवळ आली की मासळीबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी सोवळी होऊन श्रावणी सोमवार मोजू लागतात. महिनाभर तोंडाला मासा लागला नाही, याचे पुण्य आपल्या खाती जमा झाले असे त्यांना मनापासून वाटते. माझे म्हणणे असे, की हे नाणे खोटे आहे. ज्या दिवसांत मासा मुळीच मारू नये, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्यावर तुटून पडतो. आणि या पापात पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोयापेक्षा हौसेसाठी गळ टाकणारा अधिक दोषी आहे.

कसे ते पाहा. आमचा सोलापूर जिल्हा कोरडा. पण १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि ११७ टीएमसीचा यशवंतसागर आमच्या उशाशी आला. तो भरतो तो आमच्या पावसाने नव्हे, सह्याद्रीच्या पावसाने. आषाढात घाटमाथ्यावर झड लागली की भीमेला लाल गढूळ पाणी येते, आणि त्या पाण्याचा वास लागताच राहू, कटला, मृगल हे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. यांनाच खेड्यातली माणसे चढणीचे मासे म्हणतात. हा मासा खाण्यासाठी किंवा खेळण्यासाठी चढत नाही. पोट गाबोळीने तटतटलेले असते आणि अंडी घालायला त्याला वाहते पाणी हवे असते. चढणीची मासोळी म्हणजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक! तिला ना वाटेचे भान, ना जिवाचे. ओढ्याच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात ती हाताला लागते, काठीला लागते, मच्छरदाणीच्या कापडात सापडते. आणि नेमक्या याच तोंडाशी आमचे शौकीन शिकारी छत्री रोवून, गळ सोडून, पोहे खात बसलेले असतात. संध्याकाळी पाच किलोची मादी दोन्ही हातांवर आडवी धरून फोटो काढायचा आणि तो गावभर दाखवायचा. माहेरच्या वाटेवर लेकीला लुटणाऱ्याला आपण दरोडेखोर म्हणतो. याला मात्र 'छंदिष्ट' म्हणतो!

यावर उत्तर तयार असते. "अहो, एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. एक मारली तर तळे का ओस पडणार आहे?" अंडी लाखांनी असतात हे खरेच. पण निसर्ग उधळ्या नाही. तो लाख घालतो, कारण लाखातली मूठभरच जगतात. काही वाहून जातात, काही चिखलात गुदमरतात, उरलेली मोठे मासे व पाणपक्षी खातात. शेतकऱ्याने बियाण्याचे पोते फोडून भाकरी केली, तर 'पोत्यात दाणे पुष्कळ होते' या बोलण्याला काही अर्थ आहे काय? दिवाळीत धरलेला मासा हा एक मासा असतो. आषाढात धरलेली मादी हे बियाण्याचे पोते असते. हा हिशेब तिसरीतल्या पोरालाही कळतो. काठावर बसलेल्या पदवीधरांना कळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरे उत्तर असे, की हे नियम-बियम साहेबाचे, आपल्याला काय करायचे आहेत? हेही खोटे. सोलापुराहून हैदराबादच्या वाटेवर, उमरग्याच्या पुढे बसवकल्याण लागते. तीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ झाला आणि त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरण आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, कोणाला कसले आमिष आवडते, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, हे सारे त्यात आले आहे. इंग्रजांच्या आयझॅक वॉल्टनचे गळावरचे गाजलेले पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे आपल्यानंतर पाच शतकांनी. आणि संयम? तो तर त्याहून जुना. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातले ठरावीक दिवस नेमून दिले आणि त्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा कोरली. त्याच लेखात गाभण किंवा पाजत्या शेळी-मेंढीला अभय दिले आहे. गाभणीला मारू नये हा विचार बावीस शतकांपूर्वी दगडावर उतरला. आपल्या डोक्यात अजून उतरायचा आहे.

आजचे दाखलेही दूर नाहीत. काश्मीर आणि हिमाचलच्या थंड पाण्यात ट्राउट नावाचा विलायती मासा आहे. एकोणिसावे शतक संपता संपता त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात आणली गेली. तो हिवाळ्यात अंडी घालतो. म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याच्या पाण्यात गळ टाकायला बंदी असते, आणि इतर दिवसांतही परवाना काढूनच बसावे लागते. त्याच हिमाचलात गोविंदसागर आणि पोंग या धरणांत पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी थांबवतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. ज्याच्या घरी चूल त्या होडीवर पेटते, तो कोळी दोन महिने हात बांधून बसतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. ज्याची चूल पगारावर पेटते, त्याला दोन महिने गळ कोनाड्यात ठेवणे जड जाते!

अहिंसावादी मित्र म्हणतील, की मग गळच मोडून टाका. करमणुकीसाठी जीव घेणे हेच क्रौर्य. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण नुसत्या अहिंसेने तळे जगत नाही. घरातल्या काचपेटीतला मासा मोठा झाला, मारवत नाही, म्हणून 'सोडून दिला' की पुण्य लागते असे मानणारे याच मंडळींत सापडतात. तसाच दक्षिण अमेरिकेतला, खरबरीत कवचाचा सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत येतो आणि जाळी फाडतो. १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापी तर आता आमच्या बाजाराची राणी झाली आहे. दया डोळस नसली की ती शिकारीइतकीच घातक ठरते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: पाणी नासवतात शहरे आणि कारखाने, गळाने काय बिघडते? कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला इथल्याच बोलीतले 'खुद्री' हे नाव दिले. तेच नाव जगभरच्या शास्त्रग्रंथांत चालते. आज त्याच मुळा-मुठेचे सांडपाणी भीमेवाटे उजनीत येते आणि तेच पाणी सोलापूर पिते. हा गुन्हा गळापेक्षा शतपट मोठा, हे मान्य. पण शेजाऱ्याने घर जाळले म्हणून आपण कौले चोरावीत काय? उलट पाण्याचा रंग कधी बदलला, मासे कधी वर येऊन तोंड उघडू लागले, रात्री सुरुंगाची दारू कोणी उडवली, हे सर्वांत आधी दिसते ते काठावर तासन् तास बसणाऱ्याला. दारू किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण ज्याच्या स्वतःच्या पिशवीत गाबोळीची मादी आहे, तो कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

म्हणून सांगतो. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ खुंटीला टांगा. हिप्परग्यासारख्या तळ्यांत, जिथे पाणी उत्तरा-हस्ताच्या पावसाने येते, तिथे नवे पाणी आल्यापासून महिनाभर थांबा. एरवी बसाल तेव्हा वीतभर मासा ओल्या हाताने सोडवून परत सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि तो पुढे रोगाने मरतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे सोडवताना जबडा फाटत नाही. ठेवायचा तो मासा तडफडत न ठेवता लगेच मारा. तुटलेली नायलॉनची दोरी गुंडाळून घरी न्या. तिच्यात बगळ्याचा पाय अडकला की तो उपाशी मरतो. चिलापी मिळाली तर खुशाल खा, पण परदेशी मासा कुठल्याही पाण्यात सोडू नका. आणि भोयाच्या जाळ्याच्या जागी आपली छत्री रोवू नका. त्याचे ते शेत आहे, तुमचे ते मैदान.

आषाढात ज्या गाबोळीला वाट मिळाली, तिची पिले दिवाळीपर्यंत बोटाएवढी होतात. मत्स्यबीजवाले त्यांना 'बोटुकली' म्हणतात. या सुट्टीत मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा आणि काठच्या उथळ पाण्यात बोटुकली दिसतात का ते पाहा. दिसली, तर त्या तळ्यावर कोणीतरी खरा श्रावण पाळला आहे असे समजा. नाही दिसली, तर पुढच्या आषाढात आपले हात कुठे असतील, याचा विचार फराळाच्या ताटावरच करा.