विश्लेषण : चित्रीकरणावरून गिरवलेले ॲनिमेशन ही कला की नक्कल?

श्रीपूर (जि. सोलापूर) : अकलूजच्या रिंगणात धावणारा अश्व मोबाइलवर टिपला आणि त्या व्हिडिओची एकेक फ्रेम गिरवून ॲनिमेशन केले, तर ती कला की नक्कल? ॲनिमेशनच्या जगात हा वाद जुनाच आहे. आता तो नोकऱ्यांपर्यंत पोहोचला आहे.

रोटोस्कोपिंग म्हणजे काय?
आधी खऱ्या माणसांचे चित्रीकरण करायचे, मग प्रत्येक फ्रेमवरून चित्र काढायचे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्यास १० सेकंदांसाठी २४० चित्रे लागतात. अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी या तंत्राच्या पेटंटसाठी १९१५ मध्ये अर्ज केला. त्याच सुमारास दादासाहेब फाळके काड्या थोड्या थोड्या हलवत, फ्रेम-फ्रेमने ‘आगकाड्यांची मौज’ घडवत होते.

आक्षेप कोणते?
पहिला, हालचाल अभिनेत्याची असेल तर चित्रकाराचे काय? दुसरा, जसेच्या तसे गिरवलेले पात्र अनेकदा निर्जीव वाटते. तिसरा, श्रेयाचा. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठी (१९३७) नर्तिका मार्जोरी बेल्चर हिचे चित्रीकरण आधाराला घेतले होते, श्रेयनामावलीत मात्र तिचे नाव नव्हते.

महाराष्ट्राशी संबंध काय?
‘स्नो व्हाइट’वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत आले. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातील कलाकारांना त्यांनी प्रशिक्षण दिले. भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन याच विभागात घडले.

ऑस्करची भूमिका काय?
रिचर्ड लिंकलेटर यांचा ‘अपोलो १०½’ २०२२ मध्ये ॲनिमेशन विभागात आधी अपात्र ठरला. चित्रीकरणाचा वापर जास्त आहे, असे कारण देण्यात आले. दाद मागितल्यावर तो पात्र ठरला. म्हणजे ठाम सीमारेषा ऑस्कर अकादमीलाही आखता आलेली नाही.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?
मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत ‘रोटो’ म्हणजे दृश्यातील व्यक्ती फ्रेमगणिक कापून वेगळी करणे. नवोदितांना बहुधा हेच पहिले काम मिळते आणि नेमके तेच एआय वेगाने शिकत आहे. कोणती रेषा ठेवायची, कोणती गाळायची, अश्वाची झेप कुठे ताणायची, हा निर्णय मात्र चित्रकाराचा असतो. गिरवणे आणि कला यांतला फरक तिथेच आहे. त्यामुळे लाखाच्या घरातील फी भरण्याआधी संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा : इथे चित्रकला आणि हालचालींचा अभ्यास शिकवतात, की फक्त सॉफ्टवेअर?